बारवेतल्या जानकीची मिशी

१७ मार्च २०१३, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठे कलावंत लिहितात म्हणून नव्हे. डायरी दूध संस्थेला फुकट आली आहे, आणि दुधाच्या नोंदींना आता एवढी पानं लागत नाहीत.

पाडव्याला संस्थेला पंचवीस वर्षं होतात. चेअरमन मोहनरावांनी कार्यक्रम काय ठेवायचा असं विचारलं. मी सचिव. लगेच सांगितलं, 'बारवेतली जानकी'. नववीत असताना घाटनांदूरला पाहिलेलं नाटक. सासूनं पाणी तोडलं म्हणून बारवेच्या शेवटच्या पायरीवर तहानेनं मेलेली जानकी. येणाऱ्याजाणाऱ्याला तीनदा हाक मारून पाणी मागते. जो ओ देईल तो गेलाच. तिसऱ्या हाकेला सगळा मंडप किंचाळला होता. मी एक चप्पल तिथंच टाकून घरापर्यंत पळालो.

तेव्हाच ठरवलं होतं, अशी किंकाळी आयुष्यात एकदा आपण काढायची. लोकांच्या तोंडून. चाळीस वर्षं जमलं नाही, कारण वेळच मिळाला नाही.

संकल्प: १) किंकाळी. २) आवाजासाठी चहा बंद.

१९ मार्च, मंगळवार

चहाचा संकल्प दोन दिवस काटेकोर पाळला. घरात पाणी नव्हतं.

२१ मार्च, गुरुवार

आज टँकरचा वार. रिहर्सल रद्द. सगळे कलाकार रांगेत. मी रांगेतच डायलॉग म्हणून घेतले. पुढच्या बाईनं घागर दुसरीकडे ठेवली.

जानकी करायला कोणी बाई तयार नाही. शेवटी सत्यभामेला, म्हणजे आमच्या सौ.ना, विचारलं. ती म्हणाली, दिवसभर हापशावर पाणी पाणीच करायलेय मी, आन सांजच्याला मंडपात पुन्हा त्येच करू का? तिला कलेची जाण नाही. मुद्दा काय, बोलते काय.

जानकी मीच करणार. तसं मनात होतंच.

२५ मार्च, सोमवार

संस्थेत फॅट तपासणारा त्रिंबक वाटसरूचं काम करतोय. तिसऱ्या हाकेला छाती धरून कोसळायचं, एवढंच काम. तो बसतो. हळूच, जागा झाडून. विचारलं तर म्हणाला, पाठ लई दुखायलीय.

पण माणूस उपयोगी आहे. परळीच्या थर्मल वीज केंद्रातली अर्धं पोतं राख आणली. तोंडाला लावली की साक्षात भूत. खाज येते. कलेसाठी सोसायचं.

२९ मार्च, शुक्रवार

रोज पहाटे अर्धा तास संस्थेच्या मागं हाका मारण्याची प्रॅक्टिस. मोहनराव म्हणाले, सचिव, जरा दमानं घ्या, तुमच्या वरडण्यानं म्हशी आटायल्यात. संकलन नव्वद लिटरवरून एकतीसवर आलं आहे. चारा नाही हे त्यांनाही माहीत आहे. तरीपण म्हशी घाबरतात म्हणजे आवाजात दम आहे. ही पहिली पावती.

सारजाबाई मात्र घाबरत नाही. धनगराची म्हातारी, ऐंशीच्या पुढची. एका म्हशीचं अर्धा लिटर दूध घालायला येते. एका हातात किटली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. घरी ठेवला तर कोणी नेईल म्हणून सोबतच बाळगते. मी तिच्या कानाशी हाक मारून पाहिली. तिनं विचारलं, घसा बसलाय का रं बाबा?

बहुतेक ऐकू कमी येतं.

३ एप्रिल, बुधवार

त्रिंबकचं म्हणणं, मिशीवाली जानकी बघून त्याला हसू येतं. त्याला स्पष्ट सांगितलं, मिशी तीस वर्षांची आहे, निघणार नाही. पदर आडवा घेतला की कळतसुद्धा नाही.

८ एप्रिल, सोमवार

मोहनराव दार लावून बोलले. पुढच्या महिन्यात संस्था चालू राहील की न्हाई, सांगता येत न्हाई. पुढं असले कार्यक्रम न्हाईत.

म्हणजे हीच एक संधी. रात्रभर डोळा लागला नाही. मला ती किंकाळी हवी आहे. बाकी काही नको.

११ एप्रिल, गुरुवार. पाडवा. दुपारी ४

मिशी काढली. पाण्याशिवाय, कोरडीच. आरशात आई दिसली. सत्यभामेनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. भीतीनंच असणार.

आज टँकर आला नाही. ड्रायव्हरचाही पाडवा. सकाळपासून घोटभर पाणी पोटात नाही. आवाज खोल लागेल. एका अर्थी बरंच.

१२ एप्रिल, शुक्रवार. सकाळी

जे झालं ते लिहून ठेवतो.

मंडप भरलेला. माझी एंट्री उत्तम. पहिली हाक, पाणी दे रे. शांतता. ती अपेक्षितच होती. दुसरी हाक. मागून एक बाई म्हणाली, आमच्याकडं बी न्हाई गं माय. कोणी हसलं नाही. दोघीतिघींनी माना हलवल्या.

तिसऱ्या हाकेला राख घशात गेली. आवाज फाटला. खरं सांगायचं तर ती हाक नाटकातली नव्हती. मला खरोखर पाणी हवं होतं.

आता किंकाळी, म्हणून थांबलो. पुढच्या रांगेतून सारजाबाई उठली. तांब्या घेऊन स्टेजवर चढली. म्हणाली, घे गं लेकी, कवाची मागायलीस. त्रिंबक कोसळायचं सोडून तिला समजवायला लागला, की आजी, ओ द्यायची नसती, भूत हाय ती. ती म्हणाली, असू दे की भूत, पाण्याला कुनाला न्हाई म्हन्त्यात का?

मी ओरडून तिला हाकलायला हवं होतं. तसं ठरवलंही. पण हातांनी तांब्या घेतला. सगळा प्यालो. शेवटचा थेंबसुद्धा झटकून.

कोणी किंचाळलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. मोहनरावांनी पडदा ओढायला सांगितला.

दुपारी १२

तांब्या तसाच घरी आला आहे. सत्यभामा म्हणाली, म्हातारीचं उंद्यापतूरचं पाणी व्हतं ते, नेऊन द्या. पण रिकामं भांडं परत करायची आपल्यात पद्धत नाही. घागर तिरपी करून पाहिली. टँकर आता सोमवारी म्हणतात. तोंडावरची राखसुद्धा अजून तशीच आहे.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

दुपारी १

दारात सारजाबाई. राधाकिसन, म्हणून हाक मारली. तांब्या हाय का रं, म्हणून विचारलं. मी दाराआड श्वास रोखून उभा. तिनं तीनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.

ती गेली. माझ्या चपला दाराबाहेरच राहिल्या होत्या, म्हणजे तिला कळलंच असणार.