बघायला जाण्याआधी

हसनाबाद, गुरुवार

प्रिय संपत,

सुपरवायझरच्या परीक्षेसाठी तू विचारलंस, 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांत फरक काय, आपल्याकडे तर सगळ्यालाच बघणं म्हणतात. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुझं लक्ष किती असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

डोळे उघडे असले की आपोआप दिसतं ते 'सी'. मुद्दाम नजर वळवली की 'लुक'. आणि हलत्या गोष्टीवर नजर धरून राहिलं की 'वॉच'. तुमच्या मिलमध्ये लालभडक सळई रोलरमधून धावते, तिच्यावरून तू डोळे हलवत नाहीस ना, ते. माझ्या शिकवणीतली पोरं एवढ्यावर पास होतात.

मला मात्र हे शब्द आपल्या ओसरीवर कळले, सात वेळा. तू तेव्हा होस्टेलला असायचास. पाहुणे पोहे खाता खाता माझ्या तोंडाकडे, बोटांकडे, वेणीकडे बघायचे. ते 'लुक'. मग एखादी बाई गोड आवाजात म्हणायची, "तुळशीपर्यंत जाऊन ये बरं, बाई." माझा डावा पाय ओढत पडतो, हे बघायला दहा-बारा डोळे. ते 'वॉच'. ओसरीपासून तुळस तेरा पावलांवर आहे, मी मोजलीत. फार राग यायचा, अजून येतो. तू काय वाचतेस, कशाला हसतेस, हे सातांपैकी एकाही घराने विचारलं नाही. पाय सगळ्यांना दिसला, मी कुणालाच दिसले नाही. पुढे पाहुणे येणंच थांबलं, आणि खरं सांगू, मला हायसं वाटलं.

आता रविवारी तू पिंपळगाव रेणुकाईला मुलगी बघायला जाणार. काल आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "शालू, तू बी चल. पोरीला जरा चालाय लाव. तुला बराबर कळंल." तिच्या मनात काही नव्हतं रे. पण मी अर्ध्या जेवणावरून उठले.

मी येणार आहे. पण आपल्या माणसांत नाही, त्या मुलीच्या शेजारी बसणार आहे. कुणी तिला चालून दाखव म्हणालं, तर तिच्यासोबत मीही उठेन आणि चालेन. त्या वेळी तू काय करतोस, ते मी बघणार आहे.

तुझीच,
शालूताई