पाचव्या मजल्यावरची भरती

काल्हेर,
वैशाख वद्य दशमी

तीर्थरूप बायजाआत्येस प्रितेशचा वाकून नमस्कार.

गणेशपुरीला तू खुशाल असशील, गुडघ्याला तेल लावत असशील (आणि लावत नसलीस तरी लावते म्हणून सांगत असशील), असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. तुझ्या भावाची, म्हणजे आमच्या आबांची तब्येत तर दृष्ट लागण्यासारखी झाली आहे. दोन्ही वेळा जेवतात, स्वतःशी हसतात. फक्त ते या घरात अजून किती दिवस राहतील, याची मला खात्री वाटत नाही. ते कसं, हे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या खाजणावर, खाडीकाठच्या त्या खाऱ्या जमिनीवर, भराव पडला, गोदामं उठली आणि आपण या टॉवरच्या पाचव्या मजल्यावर आलो, तेव्हापासून आबांनी बोलणंच टाकलं होतं. चाळीस वर्षं ज्यांनी उघाडी सांभाळली, बांधातली फळी वर-खाली करून खाडीचं पाणी आत घेतलं आणि बाहेर सोडलं, त्यांना इथे उघडझाप करायला फक्त बाल्कनीचं सरकतं दार. (ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात रुळावरून उतरवलं.) माणसाला बघायला काहीतरी हवं म्हणून मी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. मीठ विकतचं, पाकिटातलं. मिठागरावर जन्मलेल्या घराण्यात मी मिठाचं पाकीट कात्रीने कापत होतो, तेव्हा आबांनी माझ्याकडे जसं बघितलं ते इथे लिहीत नाही. महिनाभर पाणी मुरवलं आणि मग पाच मासे सोडले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. दुकानदाराने बजावलं होतं की नवे जीव सोडले की पाण्यात अमोनिया वाढतो, रोज दोनदा तपासा, नाहीतर मासे दगावतील.

मी पद्धतशीर माणूस आहे (हसू नकोस). काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवून पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं, हिरवं झालं तर विषारी. वद्य चतुर्थीला सकाळी दहा वाजता नळी हिरवीगार झाली. मी घाबरलो, बदलण्यासाठी पाणी कालवायला घेतलं, पण तेवढ्यात ऑफिसची मीटिंग लागली. चार वाजता पुन्हा तपासलं तर पिवळंधमक. मी काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, फक्त पाऊण तास उशिराने. दुकानदाराने मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. मी आधी क्षितिजाचे तपासून घेतले, कारण नवरा चुकला की बायकोचं बरोबर निघतं असा आमच्या घरचा अनुभव आहे. तिलाही तेच रंग दिसले. शिवाय तिने एक गोष्ट दाखवली जी मला दिसली नव्हती. सकाळी टाकीतलं पाणी चार बोटं खाली असतं आणि दुपारी काठोकाठ.

टाकी कुठे गळत नाही. मी खाली पालथा पडून बघितलं. तसा पालथा असतानाच दीड वर्षात पहिल्यांदा आबा बोलले. “तिथीची पाऊणपट कर,” ते म्हणाले. “आपल्या खाडीला वर तासभर धर.” चतुर्थीची पाऊणपट तीन, वर एक, म्हणजे चार वाजता भरती. मी वहीतल्या सगळ्या नोंदी ताडून बघितल्या. आत्या, एकही चुकली नाही. भरतीला पाणी स्वच्छ, ओहोटीला घाण.

सप्तमीला टाकीत सहा जीव होते. सहावा दगडावर चढून बसला होता, डोळे वर काढून, चिखलाच्या रंगाचा निवटा, खाडीच्या गाळात उड्या मारतो तो. पाकिटातल्या मिठाच्या पाण्यात निवटा कुठून येणार? क्षितिजाने सवयीने कालवणासाठी आमसुलं भिजत घातली, तर आबा म्हणाले, “त्याला हात लावू नको, तो बोलवायला आलाय.” तेव्हापासून रोज ओहोटी लागली की आबांचा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला असतो, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत काळा गाळ. खाली वॉचमन रामनाथ शपथेवर सांगतो की म्हातारबाबा लिफ्टमधून उतरलेच नाहीत. मला भीती वाटते. हे मी क्षितिजाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

बाकी सर्व ठीक. मासे सुखरूप आहेत. मोठ्यांस नमस्कार, लहानांस पापा.

तुझा,
प्रितेश

ता. क. मासे बघायला म्हणून सहज चार दिवस येऊन जा. येताना वज्रेश्वरीचा अंगारा आण.

ता. क. २. सहज नाही. अवसेच्या आत ये. त्या दिवशी उधाणाचं पाणी मोठं आहे, “उघाडी लावायला मलाच जावं लागेल,” असं आबा म्हणतात आणि त्यांनी जुनी कोयती धार लावून ठेवली आहे. लहानपणी तू त्यांना कान धरून खाडीतून बाहेर काढायचीस. त्यांनी आयुष्यात ऐकलं ते तुझंच. त्यांना थांबव.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी आबांना सांगितलं की आत्याला बोलावतोय. ते म्हणाले, “तिला कशाला बोलावतोस? ती कालच आली हाय. टाकीच्या कडंला पाय सोडून बसलीय, तुला दिसत न्हाय?” मी बघितलं. कुणी नव्हतं. काठाची काच मात्र दोन ठिकाणी ओली होती. आत्या, तू गणेशपुरीलाच आहेस ना? हे पत्र मिळाल्याबरोबर, तुझ्या स्वतःच्या हाताने, एक ओळ लिहून पाठव.