बापांच्या नावाच्या फळ्या

देवरी, ९ ऑगस्ट १९५६

ती. मामांना घनश्यामचा साष्टांग नमस्कार. पावसाळ्यात तुमचा दमा कसा आहे ते कळवा, मामींच्या गुडघ्यांचीही चौकशी केली म्हणून सांगा. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. माझं डोकं फिरलं आहे.

तुम्हीच मला नागपूरला तीन महिने ठेवून घेऊन ग्रंथपालाचं शिक्षण दिलंत. तिथे शिकवलं, की पुस्तक कोणी दिलं ते बघायचं नाही. विषय बघायचा, त्याला आकडा द्यायचा आणि आकड्याप्रमाणे लावायचं. आमच्या वाचनालयात मात्र ज्याच्या घरची पुस्तकं त्याची वेगळी फळी, आणि फळीवर त्याच्या बापाचं नाव. (गुरांच्या आजारावर पुस्तक हवं असेल, तर आधी कोणाच्या बापाकडे गुरं होती ते आठवायचं.) मी चार महिने खपून, घरच्या भाताची खळ करून, बाराशे पुस्तकांना आकडे चिकटवले आणि सगळी विषयवार लावली.

तिथेच माशी शिंकली. धानशेतीच्या फळीवर बकारामजींच्या वडिलांचं पुस्तक शालीकरामजींच्या वडिलांच्या पुस्तकाला टेकून आलं. शेतांमधल्या धुऱ्यावरून, त्या एका बांधावरून, या दोन घरांत वीस वर्षं बोलणं नाही, हे आकड्यांना काय ठाऊक? बकारामजी फळीपुढे उभे राहून म्हणाले, "माह्या बापाले त्याच्या बापाच्या बाजूले काऊन बसवलास गा? मंधात काही तं ठेव." मी मूर्खासारखी मध्ये लाकडाची पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी शालीकरामजी आले, बोटांनी मोजलं आणि म्हणाले की पट्टी त्यांच्या बाजूला दोन बोटं सरकली आहे. (आपल्या बापाचं पुस्तक दोघांपैकी एकानेही आजवर उघडलेलं नाही. पानं अजून न कापलेली, जोडलेलीच आहेत.) संध्याकाळी पंच बसले. रविवारपर्यंत सगळी पुस्तकं आपापल्या बापांकडे परत, असा ठराव झाला. वाचनालयाचे अध्यक्ष दुलीचंदशेठ वर मलाच म्हणाले, पोरा, शिकून आलास पण गाव विसरलास. असल्या लोकांत मला राहायचं नाही. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे.

तुमचा संतप्त भाचा,
घनश्याम

ता.क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज रविवार. पुस्तकं परत लावताना, बाबा गेल्यावर आमच्या घरून दिलेली त्यांची अकरा पुस्तकं निघाली. मीच ती नऊ ठिकाणी पांगवली होती आणि माझ्या ध्यानातही नव्हतं. अकराही एका फळीवर ठेवली, बाबांचं नाव रंगवलं आणि मला रडू आलं. राजीनामा दिला नाही.

पुन्हा ता.क. बकारामजींच्या बापाची फळी दोन हात भरते, बाबांची जेमतेम वीतभर. तुमच्या माळ्यावरची जुनी पुस्तकं बाबांच्या नावाने लगेच पाठवा. विषय कोणताही चालेल. जाड बघून पाठवा.