मागं न बांधलेला डोंगा

सिरोंचा, जिल्हा चांदा
८ डिसेंबर १९५७

चिरंजीव लच्छू यास पोचूभाऊचा आशीर्वाद.

माय घरी हाय. गाय व्याली, गोऱ्हा झाला. कॉलेज कसं चालून राह्यलं? नागपूरले थंडी असंन, घोंगडं घेत जा.

दिवाळीत तू भिंतीवर कोळशानं काढलेली दोन चित्रं माय पुसू देत नाई. एक पंखवालं विमान, आभाळाच्या पार माल-माणसं पोचवून परत येणारं अन् पुन्हा जाणारं. दुसरा नुसता गोळा, एकदा वर जाऊन छत्रीनं खाली पडला का काम संपलं. मी गोळ्याच्या बाजूनं किती भांडलो! पंखाचं वजन फुकट वर काऊन न्यायचं? आपला सागवानाचा तराफा पाह्य ना! नदीनं वाहत राजमहेंद्रीले पोचला, दोर सोडले, लाकूड ठेकेदाराच्या हवाली केलं, झालं. माणसं पायी येतात.

तू म्हणला, "मंग भाऊ, तराफ्यामागं डोंगा तरी बांध. बा म्हातारा झाला, परतताना बसून येईल." मी हसलो. "हा बी तुझा पंखच का रे? रिकामा डोंगा ओढत नेऊ?" बा मात्र म्हणला, "पोट्टा बराबर बोलते." त्याचं ऐकलं असतं तं!

तराफा बेस पोचला. एक ओंडका हरवला नाई. तिथं बाजारात कळलं, रशियानं कुत्री आभाळात सोडली. बानं विचारलं, "तिले खाली आणाची काय सोय केली?" मी म्हणलं, नाई केली. "मंग काऊन धाडली बिचारीले?" दिवसभर तेच बोलत होता.

परतीत भद्राचलमच्या खाली त्याले ताप चढला. पाय उचलेना. मी पाठीवर घेतला. बाजूनं एवढी नदी वाहून राह्यली होती लच्छू, अन् आपल्यापाशी डोंगा नव्हता. त्यात निजवून, बांबूनं रेटत दवाखान्यापर्यंत नेला असता. बा माझ्या पाठीवरच गेला रे. तिथंच काठावर अग्नी दिला. मी एकटाच घरी आलो, तराफ्याचे दोर खांद्यावर घेऊन.

तू जिंकला बाप्पा. मालाले गोळा चालते. माणसाले नाई चालत.

माय म्हणते, लवकर ये. माझ्याशी बोलू नको वाटलं तं नको बोलू, पण ये.

मौतीच्या पत्राचा कोपरा फाडतात, मी अजून फाडला नाई. फाटका कोपरा दिसला असता तं तू न वाचता तसाच गाडीत बसला असता, अन् डोंग्याचं मले तुझ्या तोंडावर सांगता आलं नसतं. तू वाचून राह्यला तोवर कागद पुरा असू दे. खालचा कोपरा तूच फाड.

बाले पायी चालवणारा,
पोचूभाऊ