घरचा शिक्का बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संगणक विभाग,
मध्यवर्ती ग्रंथालय.

विषय : श्राव्य विभागातील दिवंगत निवेदकाच्या ध्वनिमुद्रणांवरील 'घर' हा शिक्का बदलून 'सार्वजनिक' करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाचा आदेश : 'निवेदकांच्या खाजगी फोल्डरमधील फाइली सार्वजनिक फोल्डरमध्ये हलवाव्यात, प्रती करू नयेत.'
२) काल आपल्या दालनात झालेली चाचणी.

महोदय,

काल आपल्या दालनात माझ्या वडिलांचा आवाज 'ऐकताय ना?' एवढे विचारून बंद पडला. आपण टेबलावरची काच बोटाने पुसत राहिलात. सुरक्षा कक्षाचे अधिकारी पंख्याकडे पाहत राहिले. तेव्हा जे बोलायला हवे होते ते माझ्याने बोलवले नाही. ते येथे सादर करीत आहे.

१. माझे वडील याच ग्रंथालयात अंध वाचकांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत. दर प्रकरणाच्या शेवटी ते 'ऐकताय ना?' असे विचारीत आणि क्षणभर थांबत. ती रिकामी जागा कापून टाकावी, असे त्यांना वारंवार सुचवण्यात आले. 'मग त्यांनी उत्तर कुठे द्यायचं?' एवढेच ते म्हणत. पुढे माझ्या आईचीच दृष्टी गेली. वडिलांच्या पश्चात ती दुपारी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्यांची पुस्तके ऐके आणि त्या रिकाम्या जागी न चुकता म्हणे, 'ऐकतेय हो, वाचा पुढे.'

२. संदर्भ क्र. १ अन्वये फाइली हलवण्यात आल्या, त्या दिवसापासून हे उत्तर देण्याची वेळ तिच्यावर आलेली नाही. पान उघडताच यंत्राचा कोरडा आवाज 'प्रवेश नाकारला' असे सांगतो. सर्व्हर सुरू आहे, फायरवॉल मोकळी आहे, फाइली वाचण्याची मुभा सर्वांना आहे. हे सर्व मी तपासले. तरीही दार बंदच. अखेर यंत्राच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, कारण सापडले. ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षा धोरण प्रत्येक फाइलवर ती कोठली आहे याचा शिक्का मारते (खाजगी फोल्डरमधल्या फाइलीवर 'घर'), आणि सर्व्हरला फक्त 'सार्वजनिक' शिक्क्याच्या फाइलींना हात लावू देते. खाजगी फोल्डरमधून ऐकवण्याची सर्व्हरला पूर्वी असलेली सवलत त्याच आदेशाबरोबर बंद झाली. फाइलची प्रत केली, तर प्रतीवर नव्या जागेचा शिक्का बसतो. फाइल हलवली, तर ती जुनाच शिक्का अंगावर घेऊन येते. वडिलांच्या फाइली अशा पत्ता बदलून आल्या, पण येताना घर सोबत घेऊन आल्या. कुंपणाने शेत खाल्ल्याचे ऐकले होते. कुंपणाने धन्यालाच बाहेर उभे केल्याचे प्रथमच पाहत आहे.

३. याची खात्री करण्यासाठीच काल आपल्या संमतीने ते धोरण थोडा वेळ शिथिल केले. आवाज लगेच सुरू झाला. धोरण पूर्ववत करताच तो थांबला. तो नेमका कोणत्या शब्दांवर थांबला, हा योगायोग होता. त्यात माझा हात नव्हता, हे नम्रपणे नमूद करते.

४. शिक्का बदलण्यास मालकाची लेखी संमती हवी, असे सुरक्षा कक्षाने कळवले. या फाइलींचे मालक माझे वडील आहेत. मी मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर उत्तर आले की, प्रणालीत सदर खाते 'सक्रिय' दिसत असल्याने दाखला ग्राह्य धरता येत नाही. मालकाने समक्ष हजर राहावे. खाते बंद करण्याची विनंती केली, तेव्हा बंद खात्याच्या फाइली आपोआप पुसल्या जातात, असे समजले. म्हणजे वडील हयात असतील तर त्यांनी यावे, आणि नसतील तर त्यांचा आवाजही नसावा. शिवाय, ज्या फाइली सर्व्हर देऊ शकत नाही त्या निरुपयोगी समजून या महिनाअखेरच्या साफसफाईत काढल्या जाणार आहेत. आदेशानुसार प्रत ठेवलेली नसल्याने त्या अन्यत्र कोठेही नाहीत.

५. धोरण कायमचे बंद करावे, अशी माझी मागणी नाही. तसे एका सहकाऱ्याने सुचवले होते; पण एका किल्लीसाठी सगळ्या घराची दारे काढणे मला रास्त वाटत नाही. धोरणाच्या या पहारेकऱ्याशीही माझे भांडण नाही. त्याला जे सांगितले गेले तेच तो इमानाने करीत आहे. फाइली आता जिथे आहेत तिथला शिक्का त्यांना द्यावा, एवढ्या एकाच आज्ञेची परवानगी, मालकाच्या सहीवाचून, साफसफाईपूर्वी मिळावी.

६. काल घरी गेल्यावर चाचणीची हकीकत मी आईला सांगितली. ती म्हणाली, 'म्हणजे तुम्हा सगळ्यांना त्यांनी विचारलं, आणि एकानंही हो म्हटलं नाही?' तिचे मन रमावे म्हणून वडिलांचे अर्धे राहिलेले पुस्तक घेऊन मी स्वतः वाचायला बसले. प्रकरण संपल्यावर, त्यांच्याच जागी थांबून, जमेल तितक्या त्यांच्याच सुरात विचारले, 'ऐकताय ना?' आई उठली आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत निघून गेली.

आपली नम्र,
(सही)
संगणक तंत्रज्ञ, श्राव्य विभाग
दिनांक : गुरुवार, साफसफाईच्या आधीचा

सोबत :
१) लॉगमधील नकाराची नोंद.
२) मृत्यूचा दाखला (दुसऱ्यांदा).