चिमटा ज्योतीवर धरला नव्हता

१४ ऑक्टो.
परदेशातल्या गटाने आमचा '७ब' निवडला. लॅबमध्ये माझ्या गाईड मॅडमनी सामोसे मागवले. घरी बाबा म्हणाले, कौतुक कशाचं ते मला कळेल असं सांग. सांगितलं. तिकडे वटवाघळं थंडीभर बंद खाणींत शीतनिद्रेत असतात. झोपेत नाकावर, पंखांवर पांढरी बुरशी चढते. ती सारखं जागं करते, अंगातली चरबी संपते, हिवाळ्यातच मरतात. इकडच्या वटवाघळांच्या पंखांवर मला एक जिवाणू सापडला, तोच ७ब. तो बुरशी वाढू देत नाही. आता त्यांच्या पंखांवर फवारणार.
बाबा खूष. विहारात सांगतो म्हणाले.
'वाढू देत नाही' हे मी म्हणाले. बुरशी वाढवायच्या पाच काचेच्या प्लेटींत ७ब ठेवून बघितला, त्यातल्या दोनच प्लेटींत ती थांबली होती. फोटो त्या दोनचेच पाठवलेत.

१७ ऑक्टो.
मॅडमनी खात्रीसाठी परत चाचणी लावायला सांगितली होती. आज प्लेटी बघितल्या. सगळीकडे बुरशी, ७बच्या भोवतीसुद्धा.
मॅडम : असं कसं?
मी : प्लेटी नीट वाफवल्या गेल्या नसतील.
पटकन तोंडातून गेलं. लॅबचं सगळं सामान वाफेवर निर्जंतुक करतात ते गायकवाडकाका. दुसरं कुणी नाही. मॅडमनी डायरीत काहीतरी टिपलं.

२० ऑक्टो.
जुनी वही काढली. त्या दोन 'चांगल्या' प्लेटींच्या दिवशी तुलनेसाठी बुरशीनाशक औषधात भिजवलेली कागदी चकती आधी ठेवली, मग त्याच चिमट्याने ७बची. मध्ये चिमटा साफ करायला ज्योतीवर धरल्याची नोंद नाही. बाकी तीन प्लेटींना आहे. माझंच अक्षर. म्हणजे बुरशी थांबली ती चिमट्याला लागलेल्या औषधाने. ७बने काहीच केलेलं नाही. आणि काकांची तर काहीच चूक नाही.
मॅडमच्या केबिनपर्यंत गेले. त्या फोनवर होत्या. मी कँटीनला गेले आणि तिथेच बसून राहिले.

२७ ऑक्टो.
काकांची बदली. संस्थेच्या वाघोलीच्या कॉलेजात. राहतात आमच्या मागच्या गल्लीत, कर्वेनगरला. म्हणजे रोज दोन बस.
निरोप घ्यायला आले. मी पीएच.डी.ला लागले तेव्हा विहारात उभं राहून सगळ्यांना सांगणारे हेच. म्हणाले, इतकी वर्षं हेच काम केलं, नेमकं कुठे चुकलो ते कळलं असतं तर बरं झालं असतं.
मी म्हणाले, वाफेचं यंत्र जुनं झालंय काका.
त्यांनी होकारार्थी मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून हलवली असावी.

४ नोव्हें.
बाबा विहारातून आले. गायकवाड आज आला नाही म्हणे, त्याच्या हातून काही झालं का तुमच्याकडे? मी म्हणाले, मला माहीत नाही. ताट तसंच सारलं.
संध्याकाळी तिकडचा मेल. चाचणी सुरू, पहिली वटवाघळं धरली. सोबत फोटो. हातमोज्यात एक इवलंसं वटवाघूळ, डोळे उघडे. म्हणजे झोपेतून उठवलेलं. एकदा उठलं की त्याची कित्येक दिवसांची चरबी जाते. हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या पानावर...

५ नोव्हें.
सांगितलं. वही मॅडमपुढे उघडी ठेवली. त्यांनी पान दोनदा वाचलं.
"कधीपासून माहितीये तुला?"
"वीस तारखेपासून."
"आणि गायकवाड गेले सत्तावीसला."
ओरडल्या असत्या तर बरं. तिकडे मेल तूच लिही म्हणाल्या, तुझ्या नावाने, मला नुसती प्रत ठेव. काकांसाठी ऑफिसला पत्र त्या देतील. माझं पुढे काय, ते नंतर बघू.
मेल चार ओळींचा. लिहायला दुपार गेली.
बाबांनाही सांगितलं. मग म्हणाले, वाघोलीला जायला सकाळी कितीची बस आहे ते बघून ठेव.

८ नोव्हें.
वाघोली. काका स्टोअरमध्ये बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते. मी सगळं क्रमाने सांगितलं, यंत्र जुनं म्हणाले होते तेही. ते लेबलं चिकटवत राहिले. संपल्यावर म्हणाले, "मॅडम, चहा घेणार?"
आजवर मला 'पोरी' म्हणत आलेत.
पत्राचं सांगितलं. म्हणाले, "आलं तर बघू. इथं बरंय. काही बिघडलं तर आधी मला विचारतात."
चहा घेतला. स्टॉपपर्यंत सोडायला आले, ते कशाला आले कळत नाही. बस येईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत.

१२ नोव्हें.
काकांच्या पत्राचं ऑफिसातून काही नाही. विहारात बाबा एकटेच गेले. चल म्हणाले नाहीत.
तिकडून उत्तर आलं. फार सभ्य. कळवल्याबद्दल आभार, चाचणी थांबवली. पण माझा मेल पोचायच्या आत पहिल्या वटवाघळांवर ७ब फवारून ती परत खाणीत सोडली होती. त्यांचं काय झालं ते आता बघता येणार नाही, बघायला गेलं तर परत जागी होतील. थंडी सरल्यावर जी बाहेर पडतील ती मोजायची.
किती सोडली होती ते लिहिलेलं नाही. विचारणारा मेल मी लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही.