अकरा डब्या, एक पोट

३ मार्च, मंगळवार

"कामगार बंधूंनो! पोटं आपली बिघडली आणि घरी बसवली कॅन्टीनच्या मावशीला!"

उद्याच्या सभेची सुरुवात हीच. पुढचंही लिहिणार होतो, पण उठावं लागलं. बसलो, पुन्हा उठावं लागलं. या जुलाबांना वक्तृत्वाची कदर नाही!

वर्कशॉपमधले अकरा मेकॅनिक आणि त्यांच्या युनियनचा पुढारी मी, सगळे आडवे झालो. मावशीच्या भाजी चिरायच्या फळीवर जंतू सापडले, म्हणून साहेबांनी तिला निलंबित केलं. गुरुवारी, बारा तारखेला चौकशी. दोषी ठरली तर नोकरी गेली. आम्हाला जेवू घालता घालता केस पिकले तिचे!

४ मार्च

सभा उद्यावर. उभं राहवत नाही.

मेहुणी सरकारी प्रयोगशाळेत जंतू तपासते. फळीचा नमुना तिच्याकडेच आलाय. रात्री जेवायला आली तेव्हा मी आगपाखड केली. तिने आधी घास संपवला.

"भावोजी, जंतू सापडला म्हणजे चोर सापडला असं नाही. हा तर तुमच्या-माझ्या पोटात बिनभाड्याने राहतो. त्याच्याकडे हत्यारं आहेत का, ते बघायचं. आतड्याला धरून बसायला केसांसारखे बारीक आकडे, आणि आतड्याला पाणी सोडायला लावणारं विष. आकडे नसले तर वाहून जातो. विष नसलं तर बसून राहतो बापडा."

"म्हणजे एकजूट आणि कार्यक्रम!"

"हो. शिवाय ही हत्यारं ते एकमेकांना वाटतात."

वर्गणी न घेता! मी भारावून गेलो. बायको म्हणाली, "जेवताना तरी नको हो."

फळीवरचा निःशस्त्र निघाला तर मावशी सुटेल? मी विचारलं. "साहेब म्हणतील, खरा चोर धुऊन गेला. आजाऱ्यांच्या पोटातला जंतू कुठून आला ते दाखवा. नमुने आणा."

५ मार्च

गेटवर तासभर बोललो. जगातल्या चार क्रांत्या सांगितल्या. शेवटी गर्जना केली— "नेत्यांनी तुमच्याकडे आजवर घाम मागितला, रक्त मागितलं. मी काय मागतोय ते पाहा!" टाळ्या. मग डब्या वाटल्या आणि सगळ्यांच्या माना खाली.

पण संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा डब्या भरून परत! शब्दाचं सामर्थ्य म्हणतात ते हे.

७ मार्च

मेहुणीचा फोन. "अकराही डब्यांत जंतू तोच, निःशस्त्र. जंतही तेच. आणि पातळ एकही नाही. अकरा माणसं, एक पोट! भावोजी, एवढी एकजूट कुठल्या युनियनमध्ये असते?"

आजारी न पडलेला एकच गडी डोळ्यांसमोर आला— पहिलवान, आमचा फिटर. गाठला. कबूल झाला.

"दादा, पोरं लाजत होती. म्हणाली, तुझं पोट ठणठणीत, एवढं कर. नाही कसं म्हणू? पण शेवटच्या तीन डब्यांना फार ओढाताण झाली बघा."

तेवढ्यात चौकशीची नोटीस घ्यायला आलेली मावशी तिथे आली. सगळं ऐकलं. हसली नाही. "माझ्या पोटावर पाय आलाय रे, आणि लाज तुम्हाला वाटते?"



८ मार्च

अकरा जणांनी एव्हाना साहेबांच्या दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्यात. त्यांच्या पोटात आता पुरावा उरला नसणार. तत्त्व म्हणून गोळी न घेतलेला माणूस एकच.

"तुम्ही!" मेहुणी म्हणाली.

मी? हजारोंच्या सभा गाजवल्या, पण बायकोच्या धाकट्या बहिणीच्या हातात ती डबी द्यायची? दुपारपर्यंत घरभर येरझाऱ्या घातल्या.

बायको दाराआडून— "परवा लोकांना तासभर काय सांगत होतात?"

दिली. वर्तमानपत्राच्या चार पानांत गुंडाळून. मेहुणीने छताकडे बघत घेतली, मी जमिनीकडे बघत दिली.

१० मार्च

माझा जंतू सशस्त्र! आकडेही, विषही. फळीवरचा निःशस्त्र.

"मावशी सुटली!" मी ओरडलो.

"थांबा. तुमचा आला कुठून? पहिलवान तुमच्याबरोबर तेच जेवतो, मग तो कसा वाचला? तुम्ही सगळे करता आणि तो करत नाही, असं काय आहे?"

खूप विचार केला. एकच गोष्ट सापडली. तो माझ्या सभांना येत नाही. म्हणतो, डोकं दुखतं.

मेहुणी बराच वेळ हसत होती. मग एकदम थांबली. "सभेत पाणी कुठलं पिता?"

आमच्या युनियनच्या कचेरीतलं, तिथल्या टाकीचं. बाटली घेऊन लगेच निघाली.

११ मार्च

पाण्यातला आणि माझा, जंतू एकच. साहेब वर्षभर हसतील. हसोत. भाषण लिहिलं. इतकं छोटं आयुष्यात लिहिलं नव्हतं. आज गेटवर, उद्या चौकशीत, शब्द हेच—

"कामगार बंधूंनो! मावशी निर्दोष आहे. साहेबांचं पाणी नको म्हणून आपण भांडून जी टाकी मिळवली, तिच्यातच हा जंतू आहे. माझं भाषण ऐकायला जो आला, तो आजारी पडला. आता टाळ्या नकोत. आधी कचेरीत जा आणि तो नळ बंद करा!"